कायद्याच्या कपाटातील एक धर्मग्रंथ

आम्ही ज्यांच्या हाताखाली वकिलीचे पहिले धडे गिरवले ते आमचे ज्येष्ठ वारले, तेव्हा त्यांच्या मुलांनी घरातील कायद्याची सारी पुस्तके आम्हांस नेण्यास सांगितले. मुले परगावी, जुन्या निवाड्यांच्या खंडांचा त्यांना काय उपयोग? एका टेंपोतून ती पुस्तके आमच्या कचेरीत आली आणि आमच्या कारकुनाने पाठीवरची नावे वाचून ती कपाटात लावून टाकली. पुढे कित्येक महिन्यांनी, उन्हाळी सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात, करारविषयक कायद्याचे एक जुने भाष्य शोधीत असता त्याच्या शेजारी काळपट चामड्याचे, कसरीने कडा कुरतडलेले एक बुटके पुस्तक हाती लागले. पाठीवरची सोनेरी अक्षरे बहुतेक पुसून गेली होती. 'लॉ' एवढाच शब्द स्पष्ट राहिला होता. कारकुनाची चूक तरी कशी म्हणावी? पुस्तक कायद्याचे नव्हते. लॉ हे ग्रंथकाराचे आडनाव होते.

ग्रंथाचे नाव 'ए सीरियस कॉल टु अ डिव्हाउट अँड होली लाइफ'. भक्तियुक्त व पवित्र जीवनाकडे बोलावणारी गंभीर हाक, असा त्याचा अर्थ. ग्रंथकार विल्यम लॉ. पहिली आवृत्ती १७२८ च्या अखेरीस निघाली व तिच्या मुखपृष्ठावर १७२९ साल छापले होते. आमच्या हाती आलेली प्रत एकोणिसाव्या शतकातील पुनर्मुद्रण आहे. समासात ठिकठिकाणी आमच्या ज्येष्ठांच्या पेन्सिलीच्या बारीक रेघा आहेत. हा गृहस्थ सोमवारचा उपवास न चुकविणारा, कपाळी गंध लावल्यावाचून कोर्टाची पायरी न चढणारा. त्यांनी हे पुस्तक केव्हा आणि का वाचले, हे त्यांनी आम्हांस कधी सांगितले नाही. आम्हीही ते कपाटात परत न ठेवता घरी नेले.

देवस्थानाशी निगडित अशा वाचकांपुढे ख्रिस्ती धर्मग्रंथाविषयी लिहावे काय, असा प्रश्न एखाद्याच्या मनात येईल. गोमंतकात ख्रिस्ती धर्माची जुनी आठवण आमच्या देवतांच्या स्थलांतराशी जोडलेली आहे. सोळाव्या शतकात मंगेशी, शांतादुर्गा यांच्यासारखी देवस्थाने खाडी ओलांडून अंत्रुज महालात कशी आली, हे येथील लहान मुलासही ठाऊक असते. पण याच भूमीत फादर स्टीफन्स या इंग्रज माणसाने मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, तेही आम्ही आमचेच वाङ्मय म्हणून वाचतो. लॉ यांचा तर गोमंतकाशी काहीच संबंध नाही. ते इंग्लंडच्या चर्चचे, आणि सत्तेच्या बाजूने उभे राहण्याऐवजी सत्तेने ज्यांना दाराबाहेर ठेवले अशांपैकी.

ती दाराबाहेर जाण्याची कथा वकिलाच्या मनास विशेष भिडणारी आहे. लॉ यांचा जन्म १६८६ साली नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातील किंग्ज क्लिफ या गावी झाला. वडील किराणा आणि मेणबत्त्यांचे व्यापारी. (आमचे तुकोबाही दुकानदाराच्या घरचेच, आध्यात्मिक माणसे वाण्याच्या दुकानात कशी जन्मतात याचा कोणीतरी शोध घ्यावा.) १७०५ साली केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात गरीब विद्यार्थी म्हणून त्यांचा प्रवेश झाला. १७११ साली ते तेथेच फेलो झाले व त्यांनी धर्मोपदेशकाची दीक्षाही घेतली. पंचविशीत आयुष्याची सोय झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १७१४ साली, राणी ॲन वारली आणि जर्मनीतील हॅनोव्हर घराण्याचा जॉर्ज इंग्लंडच्या गादीवर आला. पदावरील प्रत्येकाने नव्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी, आणि पदच्युत दुसऱ्या जेम्सच्या मुलाचा गादीवर हक्क नाही असे शपथेवर म्हणावे, असा हुकूम होता. लॉ यांच्या समजुतीप्रमाणे तो हक्क होता. त्यांनी शपथ नाकारली. फेलोची वृत्ती गेली आणि चर्चमधील कोणत्याही जागेची आशाही तिच्याबरोबर गेली.

१६८९ सालीही अशाच शपथेवरून सुमारे चारशे धर्मोपदेशकांनी आपल्या जागा सोडल्या होत्या. तेव्हा लॉ एकटे नव्हते, हे खरे. पण बहुतेकांनी शपथ घेतली हेही तितकेच खरे. त्यांच्यापैकी कित्येकांचे मत लॉ यांच्यासारखेच होते. परंतु शपथ म्हणजे दोन मिनिटांचे काम, ओठांनी बोलावे आणि पोटात आपले मत ठेवावे, असा त्यांचा हिशेब. लॉ यांनी या वेळी आपल्या भावाला पत्र लिहिले. पुढचे दिवस उदास दिसतात हे त्यांनी त्यात लपविले नाही. मात्र हे संकट टाळण्यासाठी जे करावे लागले असते ते केले असते तर आपली अवस्था याहून वाईट झाली असती, असे त्यांनी कळविले. इतक्या लोकांनी शपथ घेतली, याचा आपल्यावर काही परिणाम होत नाही. त्यांची कारणे काय एवढेच पाहावयाचे, असेही लिहिले. आणि भावाचा व्यवसाय असा आहे की सदसद्विवेक न विकता पोट भरता येते, याबद्दल आनंद व्यक्त केला.

लॉ यांचे राजकीय मत आम्हांस पटत नाही. राजा ईश्वरी हक्काने राज्य करतो ही कल्पना इतिहासजमा झाली ते बरेच झाले. तथापि आम्ही गेली वीस वर्षे प्रतिज्ञापत्रे लिहीत आलो आहोत. वर लिहिलेला मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व विश्वासाप्रमाणे खरा आहे, हे वाक्य आम्ही किती वेळा लिहिले असेल याचा हिशेब नाही. खाली सही करणारा अशील पुष्कळदा मजकूर वाचीतही नाही. खोट्या पुराव्याचा गुन्हा १८६० च्या दंडसंहितेत होता, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे; पण त्या कलमाखाली कोणास शिक्षा झालेली आम्ही आमच्या कोर्टात तरी पाहिलेली नाही. शपथ हा शब्द आमच्या धंद्यात झिजून गुळगुळीत झालेल्या नाण्यासारखा झाला आहे. म्हणून एका तरुणाने त्या शब्दापायी उभे आयुष्य पणाला लावले, हे वाचताना आम्ही खुर्चीत थोडे सावरून बसलो.

नोकरी गेल्यावर लॉ यांनी काही वर्षे वादग्रंथ लिहिण्यात घालविली. त्या काळच्या मोठमोठ्या तर्कपंडितांशी त्यांनी दोन हात केले, त्यात मँडेव्हिलसारखा, समाजाची भरभराट दुर्गुणांवर चालते म्हणणारा, तिखट लेखकही होता. लॉ यांची बुद्धी खऱ्या तत्त्वज्ञाची होती. प्रतिपक्षाचे गृहीतक उचलून त्याच्याच पदरात टाकण्यात त्यांचा हात धरणारा विरळा. पुढे लंडनजवळ पटनी येथे गिबन नावाच्या श्रीमंताच्या घरी, त्यांच्या मुलाचे शिक्षक म्हणून ते राहिले. हा मुलगा पुढे रोमन साम्राज्याचा इतिहास लिहिणाऱ्या एडवर्ड गिबन यांचा बाप. त्या घरी राहत असतानाच्या वर्षांत 'गंभीर हाक' प्रसिद्ध झाली. ज्याला चर्चमध्ये उपदेश करण्याची जागा उरली नाही अशा माणसाने दुसऱ्याच्या घरी राहून हे पुस्तक लिहिले, ही गोष्ट वाचताना सतत डोळ्यांपुढे राहते. त्यात व्यासपीठाचा आवाज नाही. घरातली माणसे जवळून पाहिलेल्या माणसाचा तो आवाज आहे.

ग्रंथाचा मुद्दा पहिल्याच प्रकरणात येतो. भक्ती म्हणजे प्रार्थना नव्हे, मग ती एकांतातील असो वा देवालयातील. भक्ती म्हणजे ईश्वराला वाहिलेले आयुष्य. प्रार्थना हा त्या आयुष्याचा एक भाग. लॉ पुढे असेही दाखवून देतात की ख्रिस्ताच्या शुभवर्तमानात सार्वजनिक पूजेची एकही आज्ञा नाही, आणि रोजच्या वागणुकीविषयीच्या आज्ञांनी मात्र ती पाने भरलेली आहेत. तरीही लोक चर्चमध्ये जाण्यालाच धर्म समजतात. हे वाचून गीतेचा नववा अध्याय न आठवणारा हिंदू वाचक विरळाच असेल. सावता माळ्याच्या मळ्याची कथा तर आमच्या आजीने आम्हांस अगदी लहानपणी सांगितली होती. मग आम्हांस नवे काय मिळाले, असे कोणी विचारील. विचार नवा नव्हता. लॉ तो विचार आमच्या खतावणीत आणून बसवितात, हे नवे होते. प्रार्थनेत जर नम्रता मागायची, तर त्याच माणसाने दुकानात, स्वयंपाकघरात, कचेरीत गर्विष्ठ राहणे हे नुसते पाप नव्हे, वेडगळपणा आहे, असे ते म्हणतात. त्यांचा सारा युक्तिवाद पापापेक्षा या विसंगतीवर उभा आहे. न्यायाधीशापुढे साक्षीदाराचे पहिले बोलणे आणि दुसरे बोलणे समोरासमोर ठेवावे तसे ते आमची सकाळ आणि आमची दुपार समोरासमोर ठेवतात.

दुसऱ्या प्रकरणात ते विचारतात: बरी म्हणविणारी माणसेही बोलता बोलता देवाच्या नावाने शपथा का वाहतात? अज्ञानामुळे नव्हे, दुर्बलतेमुळेही नव्हे. आपल्या सर्व कृत्यांनी देवास संतोष द्यावा असा हेतूच त्यांनी कधी मनाशी धरलेला नसतो, एवढेच कारण. हेतू असता तर वागणे आपोआप बदलले असते. एवढ्या साध्या वाक्यावर सबंध ग्रंथ उभा आहे.

आणि मग माणसे येतात. लॉ यांनी लॅटिन वळणाची नावे देऊन व्यक्तिचित्रांची एक रांगच उभी केली आहे, आणि तीन शतकांपूर्वीची ती माणसे आम्हांस रोज भेटतात. कॅलिडस हा मोठ्या शहरातील व्यापारी. तीस वर्षे धंदा वाढवीत आहे. दर शनिवारी शहराबाहेर पडण्याचा नियम नसता तर या धावपळीने आपण कधीच मेलो असतो असे तो सांगतो. सकाळी उठताना एखादी लहान प्रार्थना त्याच्या तोंडून निघते. वादळ सुटले तर मात्र ती चुकत नाही, कारण त्याचा काही ना काही माल समुद्रावर असतोच. फ्लेटस सुखाच्या मागे धावतो: आज कपडे, उद्या शिकार, परवा बांधकाम, मग घोडे, मग इटालियन व्याकरण, प्रत्येक वेळी आता खरे सुख सापडले अशी त्याची खात्री. दोन बहिणींचे चित्र सर्वांत प्रसिद्ध आहे. फ्लेव्हिया आणि मिरँडा यांना आईबापांकडून वर्षाला प्रत्येकी दोनशे पौंड मिळतात. फ्लेव्हिया लोकांत धार्मिक गणली जाते. पण तोंडावर एक पुटकुळी उठली तर दोन-तीन दिवस खोलीबाहेर पडत नाही. आत्म्याची तिने शरीराच्या निम्म्याने जरी काळजी घेतली असती तरी ती संतीण झाली असती, असा लॉ यांचा शेरा आहे. भिकारी सारे लबाड, हे तिला पक्के ठाऊक आहे. मिरँडा आपले उत्पन्न स्वतःत आणि इतर गरिबांत वाटून घेते, जणू आपण त्यांच्यापैकीच एक. आणि मागणारा लायक आहे की नाही याची झडती घेत बसत नाही.

आमच्या ज्येष्ठांच्या पेन्सिलीची सर्वांत जाड रेघ मात्र तिसऱ्या प्रकरणात, पेनिटेन्सच्या कथेशेजारी आहे. हा धंद्यात यशस्वी, हुशार व्यापारी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी मृत्युशय्येवर पडतो. मित्र भेटावयास येतात व त्याची कीव करतात. तो म्हणतो, माझ्या मरणाची कीव करू नका. मी दुष्ट नव्हतो. मोठे अपराध माझ्या हातून घडले नाहीत. नुसत्या दुर्बलता असत्या तर मी देवाच्या दयेवर भार टाकून शांत पडलो असतो. पण जे मी कधी मनावरच घेतले नाही त्याला दुर्बलता कशी म्हणू? व्यापारासाठी मी नियम केले, सल्ले घेतले, काटेकोर राहिलो. तेवढाच काटेकोरपणा धर्माच्या बाबतीत माझ्या हाती होता, आणि त्यासाठी एकही नियम मी कधी केला नाही. हे भाषण ऐकताना त्या मित्रांची काय अवस्था झाली असेल ती असो. आम्ही पेनिटेन्सहून दहा वर्षांनी मोठे आहोत, आणि आमच्या कचेरीत तारखांची वही, मुदतींची वही, फीची वही अशा तीन वह्या आहेत.

आता लॉ यांच्याशी आमचे जेथे पटत नाही तेही लिहिले पाहिजे. नाटकाविषयी त्यांचे मत भयंकर आहे. रंगभूमी ही सर्वस्वी निषिद्ध, असे १७२६ साली त्यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहून सांगितले. ज्या प्रदेशात जत्रेच्या रात्री पालखी परतल्यावर देवळापुढील मांडवात नाटक उभे राहते आणि गावचा पोस्टमास्तर धर्मराज होतो, तेथल्या माणसाने हे कसे मान्य करावे? आमच्या मते तो उत्सवाचाच भाग आहे. लॉ यांना खेळाचे वावडे होते. विनोद त्यांना उत्तम साधे, पण तो इतरांच्या मूर्खपणावर. मात्र एके ठिकाणी हाच कडक माणूस एकदम मोकळा होतो. सकाळच्या प्रार्थनेचा आरंभ स्तोत्र मोठ्याने गाऊन करावा, असे ते पंधराव्या प्रकरणात सांगतात. मला गळा नाही, ही सबब ते ऐकून घेत नाहीत. आनंद झाला म्हणून माणूस गातो तसा गाण्यामुळे आनंदही होतो, असे त्यांचे म्हणणे. आमच्या देवळात सप्ताहाच्या दिवशी टाळ हातात घेणाऱ्या निम्म्या मंडळींना सूर लागत नाही, आणि त्यांना बाहेर जा असे कोणी म्हटलेले आम्ही ऐकले नाही.

लॉ यांचे बोलणे खरे ठरले ते त्यांच्या राहणीने. ख्रिस्ती धर्माचे कठोर टीकाकार म्हणून ज्यांची ख्याती, त्या इतिहासकार गिबन यांनी आत्मचरित्रात लॉ यांचा उल्लेख आदराने केला आहे: जे सांगितले त्यावर विश्वास होता आणि जे इतरांस करावयास सांगितले ते स्वतः केले, अशा आशयाचा. विरोधी पक्षाच्या साक्षीदाराकडून अशी कबुली मिळाली तर आम्ही उलटतपासणी तेथेच थांबवू. १७४० च्या सुमारास लॉ जन्मगावी परतले. पुढे गिबन यांची आत्या हेस्टर व हचेसन नावाची एक श्रीमंत विधवा या दोघी तेथे येऊन राहिल्या, आणि तिघांनी मिळून उत्पन्नाचा फार मोठा भाग गरिबांवर खर्च केला. मुलांसाठी शाळा काढल्या, निराधार बायकांसाठी घरे बांधली. एक लहान ग्रंथालय उघडले. त्याच्या दारावर, या व शेजारच्या गावांतील कोणाही माणसास येथे धर्मपर पुस्तके वाचावयास मिळतील, अशा अर्थाची पाटी होती. दाराशी आलेल्या कोणासही ते विन्मुख पाठवीत नसत. साहजिकच आसपासचे भिकारी गावात गोळा होऊ लागले, आणि गावकऱ्यांनी, त्यांच्या धर्मगुरूसह, तक्रार केली की या दानधर्माने गाव बिघडत आहे. तिघांनी सांगितले की नको असेल तर आम्ही गाव सोडून जातो. मग तक्रार थंडावली. गावकऱ्यांची बाजू अगदीच पोकळ होती असे आम्हांस वाटत नाही. अन्नछत्र चालविणाऱ्या कोणत्याही समितीला हा प्रश्न ठाऊक आहे. पण लॉ यांना समिती म्हणून विचार करता येत नव्हता.

उतारवयात त्यांनी याकोब ब्यॉमे या जर्मन चांभार-साधकाचे ग्रंथ वाचले, त्यासाठी जर्मन शिकले, आणि त्यांचे लिखाण गूढ होत गेले. जुने वाचक दुरावले. जॉन वेस्ली १७३८ साली पत्रांतून त्यांच्याशी भांडले, पण 'गंभीर हाके'चा संक्षेप काढून लोकांत वाटण्यावाचून त्यांनाही राहवले नाही. विसाव्या शतकात ऑल्डस हक्स्ली यांनी १९४५ साली सर्व धर्मांतील सनातन तत्त्वज्ञानाचा संग्रह काढला, त्यात उपनिषदांच्या शेजारी लॉ पुनःपुन्हा भेटतात ते या उत्तरकालीन ग्रंथांमुळे. आम्ही मात्र पहिल्या पुस्तकापाशीच अडकलो. डॉक्टर जॉन्सन यांनीही ते ऑक्सफर्डमध्ये असताना सहज हाती घेतले होते: नीरस असेल, थोडे हसावे, या हेतूने. लॉ आपणांस भारी पडले, असे त्यांनी पुढे बॉझवेलला सांगितले. धर्माचा मनापासून विचार त्यांनी तेव्हापासून सुरू केला.

आम्हांस लॉ कसे भारी पडले ते आता सांगतो. अशिलाची गोष्ट बाहेर सांगू नये हा आमच्या धंद्याचा नियम आहे; परंतु ही हकीकत संबंधित देवस्थानच्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी स्वतःच सर्व महाजनांपुढे वाचून दाखविली, तेव्हा ती गुप्त राहिलेली नाही. देवस्थानचे नाव आम्ही घेत नाही. देवळाच्या पायऱ्यांशी एका विधवा बाईंचे फुले-नारळांचे लहानसे दुकान आहे. चौदा महिन्यांचे भाडे थकले म्हणून जागा खाली करून मिळावी, असे प्रकरण देवस्थानने आमच्यामार्फत दाखल केले. प्रतिज्ञापत्र मुखत्यारांच्या नावाचे, मजकूर आमचा. तो लिहिण्यापूर्वी समितीच्या बैठकीत आम्ही पावतीपुस्तक मागितले. खजिनदारांनी दिले, त्यात त्या महिन्यांच्या पावत्या नव्हत्या. टेबलावर त्यांच्या हाताशी निळ्या पुठ्ठ्याची एक लहान वही होती. ती उघडी होती, आणि तीत त्या बाईंचे नाव आम्ही उलटे का होईना वाचले होते.

ती वही कसली, असे आम्ही विचारले नाही. वकिलीत न विचारण्याची एक कला आहे. जे आम्हांस ठाऊक नाही ते लपविल्याचा दोष आमच्यावर येत नाही. बाईंनी पहिल्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात आम्हांस गाठले आणि म्हटले, "बाब, हांवें पयशे दिल्यात." आम्ही उत्तर दिले की तुमच्या वकिलांमार्फत सांगा. हे उत्तर कायद्याने बरोबर होते. संध्याकाळी देवदर्शनास जाताना आम्ही त्यांच्याकडूनच फुले घेतली.

सुट्टीत पेनिटेन्स वाचला, त्यानंतर ती निळी वही डोळ्यांपुढून हलेना. प्रतिज्ञापत्रावर सही आमची नव्हती. पण लॉ यांनी हेतूची जी कसोटी सांगितली आहे तिच्यात सही कोणाची याला स्थान नाही. जून महिन्यात कोर्ट उघडण्यापूर्वी आम्ही समितीची भेट मागितली आणि वही पाहावयास मागितली. चौदांपैकी नऊ महिन्यांचे पैसे आल्याची नोंद तीत होती. पावती फाडावयाची राहून गेली, असे खजिनदार म्हणाले. खोटे बोलण्याचा त्यांचा हेतू होता असे आम्ही म्हणत नाही. त्या जागेवर भक्तनिवासाचा जिना यावयाचा होता, आणि एवढ्यासाठी बांधकाम अडून राहावे हे त्यांना सहन होत नव्हते. "अहो वकीलसाहेब," ते म्हणाले, "हे आपल्या घरचे काम आहे काय? देवाचेच काम ना?" आम्ही म्हटले, की देवाचे आहे म्हणूनच मुखत्यारांना दुसरे प्रतिज्ञापत्र करून नऊ महिन्यांचे पैसे मिळाल्याचे सांगावे लागेल, नाही तर आम्हांस वकीलपत्र परत घेऊ द्या. बैठकीत कोणी मोठ्याने बोलले नाही. चहा आला, तो आम्ही घेतला. आठ दिवसांनी कागदपत्रे परत पाठवा, असा निरोप आला. नंतर दुसऱ्या वकिलांच्या मध्यस्थीने उरलेल्या पाच महिन्यांचे भाडे हप्त्याने देण्याच्या अटीवर तडजोड झाली, प्रकरण मागे घेतले गेले, आणि जिना दुसऱ्या बाजूने काढण्याचे ठरले. देवस्थानचे काम मात्र आमच्याकडे पुन्हा आले नाही, आणि खजिनदार आम्हांस पालखीत ओळख देत नाहीत.

यात आम्ही काही मोठे केले असे वाचकांनी समजू नये. लॉ यांचे सर्वस्व गेले; आमची एका देवस्थानची फी गेली. शिवाय वीस वर्षांतील इतर निळ्या वह्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. त्या प्रकरणांचे निकाल लागले, माणसे पांगली, काही वारलीही. प्रतिज्ञापत्र लिहिण्यापूर्वी, आणखी काही कागद आहे काय, असे आता आम्ही प्रत्येकाला विचारतो. दोन अशील या प्रश्नाने रागावून गेले. कारकून फीची वही चाळतो आणि काही बोलत नाही.

लॉ यांनी दिवसाचे भाग पाडून प्रार्थनांचे विषय ठरवून दिले आहेत. पहाटे स्तवन, नऊ वाजता नम्रता, दुपारी तीनला ईश्वरेच्छेचा स्वीकार, संध्याकाळी दिवसभराच्या दोषांची कबुली. भर बारा वाजता मात्र इतरांसाठी प्रार्थना करावयाची, आणि ती मोघम नव्हे, माणसांची नावे घेऊन. ज्याच्यासाठी आपण मनापासून प्रार्थना करतो त्याच्याविषयी राग धरणे पुढे जमत नाही, हे ते एकविसाव्या प्रकरणात विस्ताराने दाखवितात. तेथे ससरस नावाचा एक भाविक गृहस्थ आहे. त्याला कानात कुजबुजण्याची भारी खोड. कोणाविषयीची एक वाईट वार्ता तो मित्राच्या कानी घालतो, तेव्हा मित्र त्याला एवढेच सुचवितो की घरी जाऊन त्या माणसासाठी प्रार्थना कर.

बारा वाजता आमच्या कोर्टात पुकारा चालू असतो. तरीही गेले काही आठवडे आम्ही मागच्या बाकावर बसून हा प्रयत्न करीत आहोत. घरची माणसे, शेजारी, आजारी मित्र, दुकानातल्या बाई, इतकी नावे सहज होतात. समोरच्या पक्षाचे वकीलही मोठ्या कष्टाने होतात. मग खजिनदारांचे नाव येते, आणि तेवढ्यात आमचा पुकारा झाला तर आम्ही लगबगीने उठतो.